शिळं रडणं चालत नाही

ऑफिसखालच्या पाळणाघराच्या दारानं मला पहिल्यांदा नाकारलं तेव्हा मी हसले. दार माझंच होतं. काच, चौकट, कुलूप दुसऱ्यांचं. पण ते कोणासाठी उघडायचं हे ठरवणारा सर्व्हर मी लिहिला होता, ठकू पोटात असताना, सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर टाकून.

"प्रतिसाद अपुरा आहे," दार गोड आवाजात म्हणालं. "कृपया पुन्हा ऐका."

आणि इअरफोनमधून माझ्या कानात ठकू पुन्हा रडली. या वेळी जास्त जोरात, श्वास अडकून मग फुटल्यासारखी. छातीत दोन्हीकडून मुंग्या आल्या, मनगटावरचा पट्टा हिरवा झाला, दार सरकलं. आत ठकू पालथी पडून स्वतःची मूठ चोखत होती. मला बघून तिनं आपले दोनच्या दोन दात दाखवले. ओला झालेला कुर्ता ओढणीखाली झाकत मी तिला उचललं आणि मनात म्हटलं, झोप कमी पडतेय, दुसरं काय.

तिचं नाव मैत्रेयी. पण नऊ महिन्यांच्या, गालांनी डोळे बारीक झालेल्या पोरीला मैत्रेयी कोण म्हणणार? ठकूच.

पासवर्डचा जमाना ती जन्मायच्या आधीच संपला होता. चेहरा, आवाज, बोटाचा ठसा, सगळ्याची नक्कल घरबसल्या करता येऊ लागली होती. एका शहरात कुणीतरी दुसऱ्याच आईचा चेहरा लावून पाळणाघरातून बाळ उचलून नेलं, आणि देशभरच्या आया हादरल्या. त्या भीतीतून आमच्या कंपनीचं काम सुरू झालं.

कल्पना तशी जुनी. गुपित सर्व्हरला सांगायचंच नाही. सर्व्हर दरवेळी एक नवाकोरा प्रश्न टाकतो, त्याला आम्ही चॅलेंज म्हणतो. तुमच्याकडचं यंत्र तो प्रश्न आणि तुमचं गुपित एकत्र घोटतं आणि घोटून निघालेलं उत्तर तेवढं पाठवतं. सर्व्हर आपल्याकडच्या नोंदीवरून तेच घोटून बघतो. जुळलं की दार उघडलं. मधे तारेला कान लावून बसलेल्या चोराला आजचं उत्तर मिळेलही, पण उद्याचा प्रश्न वेगळा असतो. म्हणून सर्व्हर लिहिणाऱ्याचा पहिला धर्म एकच: एकदा वापरलेलं चॅलेंज पुन्हा वापरायचं नाही.

हे मी माझ्या नणंदेला, प्राचीला, तिच्याच उदाहरणानं समजावलं होतं. आमच्या लग्नात तिनं दार अडवलं. मी फोनवरून पाठ केलेला उखाणा म्हटला. "हा माझ्याच लग्नात वाजलाय वहिनी, शिळा आहे," ती म्हणाली. मी दुसरा म्हटला. तोही तिला येत होता. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातला खराटा उचलला. "या खराट्यावरून घे नाव. आत्ताच्या आत्ता." मी घाम पुसत काहीतरी जुळवलं, तेव्हा कुठे माप ओलांडायला मिळालं.

"म्हणजे मी तुझा पहिला सर्व्हर," प्राची म्हणाली.

"हो. आणि सगळ्यात खवचट."

आता गुपित कुठलं वापरायचं? एका प्रयोगशाळेत दिसून आलं होतं की आईनं स्वतःच्या बाळाचं रडणं ऐकलं की पहिल्या दोन सेकंदांत तिच्या शरीरात जे होतं, नाडीचा झोका, कातडीची ऊब, दूध उतरतानाची थरथर, त्याचा नकाशा प्रत्येकीचा वेगळा असतो. तो ठरवून आणता येत नाही, थोपवताही येत नाही. नोंदणीच्या वेळी चाळीस रडणी ऐकवायची, पट्ट्यानं चाळीस प्रतिसाद टिपायचे, आणि त्यातून नकाशा बनवायचा. तोही जसाच्या तसा साठवायचा नाही. प्रत्येक आईचं वेगळं मीठ घालून कुटायचा. शेंगदाण्याच्या चटणीतून शेंगदाणा परत काढता येत नाही, तसं.

वडिलांचे प्रतिसाद पुरेसे वेगळे निघाले नाहीत, असं अहवालात होतं. माझा नवरा हर्षल तो अहवाल वाचून दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होता.

या सगळ्याला कंपनीनं नाव दिलं 'पान्हा'. खाली दुधाच्या थेंबाचं चित्र. त्या नावाची किळस मला तेव्हाच यायला हवी होती. मी तर पेढे वाटले. नोंद क्रमांक एक, मीच.

मग पान्हा दारापुरता राहिला नाही. इतकं पक्कं कुलूप आहे म्हटल्यावर ते सगळीकडे लागलं. ऑफिसची लिफ्ट, पगाराची पावती, बँक, गॅसची नोंदणी, कँटीनमधलं कॉफीचं यंत्र. दरवेळी कानात दोन सेकंद ठकू. दरवेळी छातीत मुंग्या. दूध टिपायचे पॅड बदलायला दुपारी दोनदा बाथरूममध्ये जावं लागायचं. आम्ही आया त्यावर विनोद करायचो. मग मुंग्या कमी झाल्या. बरं झालं, असं मला वाटलं.

त्या बुधवारी मी साडेबाराला ठकूला पाजायला खाली गेले. दारापुढे उभी राहिले. कानात ती रडली. पट्टा लाल.

"प्रतिसाद अपुरा आहे. कृपया पुन्हा ऐका."

दुसरं रडणं यायला जरा वेळ लागला. मी काचेतून आत बघत होते. चौदा नंबरचा पाळणा डुलत होता. थांबला. पाजायच्या बाटलीचा यांत्रिक हात ठकूच्या तोंडापर्यंत आला होता, तो मागे गेला. पाळण्याच्या कडेला निळा दिवा लागला. शेजारी फुलवंताबाई उभ्या होत्या, इथे मुलं सांभाळणाऱ्यांत सगळ्यात जुन्या. हात पाठीमागे बांधून, शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. ठकूनं आधी बाटलीकडे पाहिलं. मग फुलवंताबाईंकडे. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला.

माझ्या कानात रडणं सुरू झालं.

काचेपलीकडचं तोंड आणि कानातला आवाज एकाच वेळी हलत होते.

मी काचेवर हात आपटले. पट्टा लालच.

"प्रतिसाद अपुरा आहे. एक प्रयत्न शिल्लक."

तिसऱ्या नकारानंतर काय होतं ते मला कुणी सांगायला नको होतं. तो नियमही मीच लिहिला होता. समोरची बाई आई नाही असं धरायचं, आणि चौकशी होईपर्यंत बाळ पाळणाघराच्या ताब्यात. चौकशीला सरासरी तीन दिवस लागायचे. तीन दिवस त्या पाळण्यात. मी मागे सरले.

फुलवंताबाई चहाच्या सुट्टीत बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसायच्या. उईके त्यांचं आडनाव, गाव सावनेरकडचं. मी गेले तेव्हा त्या बशीत चहा ओतत होत्या.

"तो दिवा कसला, मावशी?"

"तुमाले माहीत नाही?" त्यांनी बशी खाली ठेवली. "निळी बत्ती लागली का बाळाले हात लावाचा नाही, असं सांगून राहिले साहेब. पाळणा आपोआप थांबते. दूध मागं जाते. लेकरू रडलं का मंग चालू होते."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. आधी दिवसातून एखादवेळा व्हायचं. आता तर घडीघडी. तुमच्या ठकूचं तर लयच. मी दोनदा लिहून देल्लं का पाळणा बिघडला म्हणून. उत्तर आलं, नोंद घेतली." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही वरच बसता न ताई? मले वाटलं, तुमाले माहीत असन. मी मनात म्हणो, कशी आई आहे ही."

मी तशीच जिन्याकडे वळले.

वर येऊन मी माझाच कोड उघडला. दोन नियम होते, दोन्ही माझे, आणि दोन्ही शहाणपणाचे. पहिला: प्रतिसाद क्षीण आला तर पुढचं चॅलेंज एक पायरी तीव्र द्या. दुसरा: न वापरलेल्या रडण्यांचा साठा पाचच्या खाली गेला तर 'साठा_भर' या छोट्या प्रोग्रामला हाक मारा. चाचणीच्या काळात 'साठा_भर' माझ्या संगणकावरच्या एका फोल्डरमधून रेकॉर्ड केलेली रडणी उचलून आणायचं. साधं, निरुपद्रवी. खरी रडणी कुठून येणार हे पाळण्याची यंत्रणा करणाऱ्या तुकडीनं लिहायचं होतं. बनावट रडणी त्यांनी करून पाहिली. तिसऱ्या वेळी आयांची शरीरं ती ओळखायची, पट्टे लाल व्हायचे. मग त्यांनी त्याच नावाखाली त्यांचं लिहिलं.

आमच्यात पद्धत अशी की एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचून 'ठीक' म्हटल्याशिवाय ते पुढे जात नाही. मी बदलांची यादी काढली. पाळण्याच्या तुकडीची टीप होती: 'साठा कमी असल्यास स्रोताकडून नवा नमुना मिळवणे. उत्तेजन: सौम्य, मर्यादित.' त्याखाली 'ठीक' म्हणणाऱ्याचं नाव होतं. शर्वाणी देवतळे, मीच. दुपारी एक बावीस.

तो दिवस मला आठवला. मी खालच्या खोलीत ठकूला पाजत होते आणि मोकळ्या हाताच्या अंगठ्यानं फोनवर साचलेली कामं उरकत होते. 'स्रोत' हा शब्द वाचला आणि मला माझा फोल्डर दिसला. स्रोत माझ्या मांडीवर होता, दूध पीत होता.

मग मी चौदा नंबरच्या पाळण्याची नोंद उघडली. प्रत्येक ओळीत दोन गोष्टी: रडणं कधी घेतलं, कशासाठी वापरलं. लिफ्ट. लिफ्ट. कॉफी. पगारपावती. लिफ्ट. कॉफी. मंगळवारी मी सुट्टीचा अर्ज तपासायला तीनदा माझ्या खात्यात गेले होते, तीन रडणी. कॉफीचं बटण एकदा चुकून दाबलं होतं आणि मग रद्द केलं होतं, तेही एक. मला ती कॉफी आवडतसुद्धा नाही, पावडरची असते. माझं शरीर बोथट होत गेलं तशी तीव्रता एकेक पायरी वर सरकत होती, कारण मी तसं सांगितलं होतं. शिळं रडणं चालत नाही, हेही मीच सांगितलं होतं.

बोधनकर सर आपल्या केबिनमध्ये संत्रं सोलत होते. प्रकल्प त्यांचा. मी बोलत असताना ते फोडींवरच्या शिरा काढत राहिले, एकेक, नखानं.

"सरासरी अकरा सेकंद," ते म्हणाले. "मी आकडे बघितलेत, शर्वाणी. अकरा सेकंदांवर एकाही बाळाला रडू दिलेलं नाही. तू घरी पोळ्या लाटत असतेस तेव्हा किती वेळ रडते ती?"

"सर, पोळ्या लाटताना मी तिला रडवत नाही."

"शब्दांचा खेळ करू नकोस." त्यांनी बी तळहातावर थुंकून टेबलाच्या कडेला ठेवली. तिथे आधीच्या सहा ओळीनं होत्या, लाळेनं चमकत. "आमच्या आई म्हणायच्या, रडण्यानं फुफ्फुसं मजबूत होतात. आणि पर्याय काय? कुणीही उठून तुझा चेहरा लावून तुझी पोर न्यावी?"

"मलाच नेता येत नाहीये. एक प्रयत्न उरलाय."

"मग पुन्हा नोंदणी कर की. तुझा नकाशा जुना झालाय, एवढंच. चाळीस ताजे नमुने. सौम्य नाही चालणार आता तुला, जरा वरच्या पायरीचे लागतील. पाऊण तासाचं काम. चारला पोरगी घेऊन घरी." त्यांनी एक फोड माझ्यापुढे धरली. "घे. काटोलची आहेत. गोड."

त्यांच्या बोटांवरून रस मनगटाकडे ओघळत होता. चाळीस वेळा पाळणा थांबणार. चाळीस वेळा दूध मागे जाणार. आणि मी बाहेर बसून, हाताला पट्टा बांधून, ते ऐकणार, म्हणजे मग मला तिची आई म्हणतील.

"नको," मी म्हटलं. त्यांना वाटलं, संत्र्याला.

सर्व्हर लिहिणाऱ्याच्या हाती एक आणीबाणीचा खटका असतो. गळती लागली, चोर शिरला, तर सगळं एका हुकमात बंद. साडेतीन वाजता मी खाली जाऊन फुलवंताबाईंना खिडकीशी बोलावलं. खिडकीच्या जाळीतून बोट कसंबसं आत जात होतं.

"मावशी, आता सगळ्या निळ्या बत्त्या बंद होतील. पण पुढचं दारही उघडणार नाही. कुणालाच. मागचं, आगीच्या वेळी वापरायचं दार फक्त आतून उघडतं, हातानं."

त्यांना कळलं. त्यांनी मान वळवून मागच्या दाराकडे पाहिलं.

"ते उघडलं का भोंगा वाजते," त्या म्हणाल्या. "माही नोकरी जाईन, ताई."

"हो. माझीपण."

"तुमाले दुसरी भेटते." एवढं बोलून त्या आत निघून गेल्या. कुणाचा तरी लंगोट बदलायचा होता.

मी वर जाऊन खटका ओढला. 'साठा_भर' पुसून टाकलं, सर्व्हरवरचं आणि माझ्या संगणकावरचंही. नोंदी मात्र सगळ्या आयांना पाठवल्या, ज्या पाळण्याच्या त्या आईला. बोधनकरांच्या केबिनमधून माझ्या नावानं हाका येऊ लागल्या तेव्हा मी जिन्यात होते.

पुढच्या दारापुढे आया जमल्या होत्या. "सेवा उपलब्ध नाही," दार त्याच गोड आवाजात म्हणत होतं. काही जणी फोनमधल्या नोंदी वाचत होत्या. एकीनं पट्टा ओरबाडून भिंतीवर मारला. दुसरी कोपऱ्यात वाकून ओकत होती आणि तिसरी तिची पाठ चोळत होती. मी कुणाशी न बोलता इमारतीला वळसा घालून मागे गेले.

आगीचं दार बंद होतं.

मी वाजवलं. आतून आवाज नाही. पुन्हा वाजवलं. माझ्या मागे दोघीतिघी आल्या होत्या.

मग भोंगा कोकलला आणि दार उघडलं. चौकटीत फुलवंताबाई. एका कडेवर ठकू, दुसऱ्या हातात भिजवलेल्या लंगोटांची बादली; दार ढकलायला तीच वापरली असावी. पण त्या बाजूला झाल्या नाहीत. दोन्ही पाय रोवून उभ्या.

"मावशी, द्या ना."

"अशी कशी देऊ? दार अडवलं का नाव घ्या लागते." भोंग्यावर आवाज चढवून त्या बोलत होत्या. हसत होत्या की रडत, मला कळेना. "उद्या कोणी म्हणलं का विचारल्याबिगर लेकरू देल्लं, तर? घ्या नाव. या बादलीवरून घ्या."

फिनाईल आणि शीचा वास नाकात शिरला. दिवसभरात पहिल्यांदाच मला कशाची किळस आली नाही.

"बादलीत लंगोट भिजले सात-आठ," मी म्हटलं. "मैत्रेयीचं नाव घेते, सोडा माझी वाट."

"यमक बरं नाही," फुलवंताबाई म्हणाल्या, "पण आई हीच हाय," आणि ठकू माझ्या हातात आली, गरम, जड, घामानं मान ओली. तोवर त्यांनी मागच्या बाईपुढे बादली धरली होती. "तुमी? या भोंग्यावरून घ्या."

त्यांची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली, माझी त्याच संध्याकाळी. पाळणे महिनाभर बंद राहिले. नंतर दुसऱ्या कुठल्या नावानं सुरू झाले असं ऐकते. फुलवंताबाई आता आमच्या गल्लीत चार मुलं सांभाळतात. ठकू त्यातली एक नाही, तिला मी अजून कुणाकडे ठेवू शकत नाही.

मला वाटलं होतं, घरी आणलं की संपलं.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी दुपारी मी तिला स्वयंपाकघरात चटईवर बसवलं होतं. हातात वाटी, वाटीत चुरमुरे. एकेक चिमटीत धरायचा प्रयत्न चालला होता, अगदी रंगात येऊन. टाकी भरली म्हणून पाण्याच्या फिल्टरचा दिवा लागला. निळा.

ठकूनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. चुरमुरा खाली ठेवला. ओठ बाहेर काढला आणि रडायला लागली, भुकेनं नाही, दुखून नाही, अगदी नीट, श्वास अडकवून मग फोडून, वरच्या पायरीचं. मी गॅसपाशी उभी होते. छातीकडे लक्ष गेलं. तिथे काहीच नव्हतं. ना मुंगी, ना ऊब.

अकरा सेकंद झाले असतील. ती थांबली. डोळे कोरडे. आणि मग वाट बघू लागली, पाळणा हलायची.

मी फिल्टरची पिन उपसली. तिच्याजवळ खाली बसले, तिला मांडीवर घेतलं, आणि शरीरानं काही सांगायची वाट न बघता मांडी हलवायला लागले. चुकून एखादा चुरमुरा माझ्या तोंडात कोंबत ती बराच वेळ त्या काळ्या पडलेल्या दिव्याकडे बघत होती.